एकही नाटक न पाहिलेल्या अकडसासूबाई

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या मुलखात नाटकातलं सगळ्यात जास्त जर कुणाला कळत असेल, तर ते आमच्या अकडसासूबाईंना. आणि त्यांनी जन्मात एक अख्खं नाटक बसून पाहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. अकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. सासूचा मान आणि मेहुणीचा हक्क अशी दोन्ही हत्यारं या एका नात्याच्या हातात असतात, हे ज्याला अकडसासू आहे त्याला वेगळं सांगायला नको. घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. त्या मला 'पाव्हणं' म्हणतात. लग्नाला तीस वर्षं झाली, डोक्यावरचे केस निरोप घेऊन गेले, गुडघे बोलायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी अजून लाडू खायला आलेला पाहुणाच आहे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय अक्का कळायच्या नाहीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहून बसवतो. विषय एकच, बाईचं जगणं. बाईच्या सोसण्यावर गेल्या वर्षापर्यंत तेरा नाटकं लिहिली. बायकोचं म्हणणं असं, की बाईच्या सोसण्यावर तेरा नाटकं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठला हे ठाऊक नसावं, हेच खरं चौदावं नाटक आहे. असो. तर बायकांची नाटकं करायची म्हणजे बायका पाहिजेत. नांदेडात त्यांची वाण नाही. आवाज आहे, पाठांतर आहे, हौस तर उतू चालली आहे. नसते ती घरची परवानगी. पहिल्या नाटकाच्या वेळी ती मागायला मी स्वतः हिंडायचो. एकदा एका घरी ओट्यावर उभा राहून मी 'स्त्रीच्या आत्माविष्काराचा प्रश्न' या विषयावर बोलायला सुरुवात केली. तिथल्या सुनेच्या सासऱ्यानं पाच मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अगं, जरा पाणी आन. मास्तरला ऊन लागलंय जनू."

त्या दिवसापासून परवानग्यांचं खातं अक्कांकडे गेलं. अक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सारी नोकरी कंधार-लोह्याच्या बाजूला, खेड्यातल्या आरोग्य केंद्रांवर. त्या भागातली एक अख्खी पिढी त्यांच्या हातांवर जन्माला आली आहे, आणि ती पिढी आता नांदेडात घरं बांधून राहते. त्यामुळे कुठल्याही घरात अक्का शिरल्या की निम्म्या वेळा घरातला कर्ता पुरुषच पुढे येऊन पाया पडतो. पण त्या याचा कधी फायदा घेत नाहीत. त्यांची पद्धत ठरलेली. पहिल्या खेपेला फक्त सासूचं बीपी तपासायचं. मशीन पिशवीत असतंच. दुसऱ्या खेपेला सासऱ्याच्या गोळ्या काढून बघायच्या आणि "ही उपाशीपोटी घेता? कुनी सांगितलं?" म्हणून त्यांना झापायचं. नाटकाचं नाव तिसऱ्या खेपेला, तेही उठता उठता. मी एकदा त्यांना विचारलं, की परवानगी मागता तरी कशी? तर म्हणाल्या, "मागतच न्हाई. परवानगी मागितली की मानूस न्हाईच म्हनतंय, पाव्हणं. आपण फकस्त अडचण इचारायची. अडचण काय हाय? लेकरू कोन धरील? मी धरते. म्हाताऱ्याला गोळी कोन देईल? मी देते. सांजच्या भाकरी? त्याबी टाकते. मंग ऱ्हायलं काय?"

राहिलं काय ते मात्र इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. तालीम असो वा प्रयोग, पडदा वर जायच्या वेळेला अक्का कुणाच्या तरी घरी कुणाचं तरी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या असत. त्या तेराच्या तेरा नाटकांत त्यांचा हात आहे आणि एकाही प्रयोगात त्यांचे डोळे नाहीत.

आता परवानग्या मिळायच्या, पण अटींसकट मिळायच्या, आणि अटी अक्का परस्पर कबूल करून यायच्या. मुदखेडच्या एका सासूबाईंची सून आमच्या नाटकात विधवेचं काम करणार होती. सासूबाई म्हणाल्या, काम करू दे, पण माझा ल्योक जित्ता असताना सुनेनं कुंकू पुसायचं नाही. अक्का म्हणाल्या, "बिल्कूल न्हाई पुसणार." मला हे कळलं ते रंगीत तालमीच्या दिवशी. मी कपाळाला हात लावला, म्हणजे माझ्या. अक्कांना फोन केला तर म्हणाल्या, "तिची सासू बरोबर हाय. नाटक दोन घंट्याचं, संसार जन्माचा." शेवटी पांढऱ्या साडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली विधवा मी स्टेजवर पाठवली आणि विंगेत तोंड लपवून उभा राहिलो. तर काय सांगावं! स्पर्धेच्या परीक्षकांनी निकालाच्या भाषणात त्या कुंकवावर दहा मिनिटं काढली. दिग्दर्शकाची मूक बंडखोरी म्हणाले. रूढीच्या कपाळावर उमटवलेला सवाल म्हणाले. मी हार घालून घेतला आणि गप्प बसलो. घरी आल्यावर अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बक्षीस मिळालं न्हवं? मंग एक पेढ्याचा पुडा मुदखेडला धाडा. त्यो सवाल त्या म्हातारीचा हाय."

पण अक्कांचं खरं रूप बघायचं तर प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. धपाट्यांचा डबा घेऊन त्या निघत आणि नाटकातल्या एकेका बाईच्या घरी जाऊन कालचं नाटक काढून घेत. एकीकडून पहिला प्रवेश, दुसरीकडून तिसरा. पेटीवाल्याकडून गाणी, पडदा ओढणाऱ्याकडून टाळ्या. असं करत दुपारपर्यंत अख्खं नाटक त्यांच्या डोक्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी त्या माझ्याकडे शंका घेऊन यायच्या. शंका म्हणजे काय, पोलिसानं शिकून घ्याव्यात अशा. माझ्या एका नाटकाच्या शेवटी नायिका भरल्या घराचा उंबरा ओलांडून काळोखात निघून जाते. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे. अक्कांनी विचारलं, "किती वाजता निघाली?"

मी म्हणालो, "रात्री. साडेनऊ धरा."

"मंग बस कोनती धरली? लोह्याची तर गेलेली असती."

"अक्का, ते प्रतीकात्मक आहे."

"असंल की. पण बस कोनती?"

मी चिडलो. खरं सांगतो, फार चिडलो. आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. पण ती बस काही डोक्यातून जाईना. तिनं चपला घातल्या होत्या का? पिशवीत काय घेतलं? कुठं जाणार होती? यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी तिला घराबाहेर काढलं होतं आणि टाळ्या घेऊन मोकळा झालो होतो. पुढच्या प्रयोगात मी तिच्या हातात एक पिशवी दिली आणि निघण्याआधी लेकराचा स्वेटर त्या पिशवीत कोंबायला लावला. त्या रात्री टाळ्या कमी पडल्या. बायका रडत होत्या, हात मोकळे नव्हते.

गेल्या वर्षी मला जुनं संस्कृत नाटक नव्यानं करायची हुक्की आली. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली. राजा शिकारीला येतो, आश्रमातल्या मुलीशी गुपचूप लग्न लावतो, राजधानीला परत जातो आणि तिला साफ विसरतो. मी आश्रमाची आश्रमशाळा केली, किनवटकडची. राजाचा केला तपासणीला आलेला तरुण अधिकारी. त्याची बदली लातूरला होते आणि ही पोटुशी मुलगी त्याच्या कचेरीत जाऊन उभी राहते, तेव्हा तो म्हणतो, आपण कोण? माझं मलाच इतकं आवडलं की पहिला खर्डा घेऊन मी थेट अक्कांच्या घरी गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी मूळ गोष्ट सांगितली, माझी सांगितली. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"कितवा म्हैना होता तिला?"

"मूळ नाटकात तसा उल्लेख नाही, पण दिवस भरत आले असावेत."

"आन् चालत धाडली? संगं कोन?"

"आश्रमातली मंडळी होती. पण राजानं ओळख नाकारली तशी तीही तिला तिथं सोडून गेली."

"सोडून गेली!" अक्का इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारची बाई डोकावली. "मंग बाळंतपण कुनी केलं?"

इतकी वर्षं मी हे नाटक वर्गात शिकवतो. एका अंकात मुलगी पोटुशी असते, आणि पुढे तिचा मुलगा चांगला सिंहाच्या छाव्याशी खेळताना दिसतो. मधे काय झालं? तिला कळा कधी सुरू झाल्या? पाणी कुणी तापवलं? इतक्या पिढ्या हे नाटक बघत आल्या, उपमांवर माना डोलावत आल्या, आणि हा प्रश्न निदान मला तरी कधी पडला नव्हता. अक्का मेथीकडे बघत म्हणाल्या, "लिव्हनारा पुरुष हाय. त्याला बाहेर बसवलं असंल."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एका दुपारी एक पोर एकटीच आरोग्य केंद्रावर आली होती, दिवस भरलेली. डॉक्टर रजेवर. कागदावर नवऱ्याच्या नावाचा रकाना होता. अक्कांनी नाव विचारलं आणि पोरीनं मान खाली घातली. "मी मनलं, ऱ्हाऊ दे माय, माझा पेनच चालंना झालाय. तू आधी च्या पी. सांजच्याला पोरगा झाला. रकाना तसाच मोकळा ठिवला. पुढं साहेबानं इचारलं, तर त्यालाबी तेच सांगितलं, पेन बंद पडला व्हता." एवढं बोलून त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. मी घरी येऊन ते जसंच्या तसं लिहून काढलं. नाटकाचा सगळा दुसरा अंक म्हणजे ते बाळंतपण, ती नर्स आणि तो मोकळा रकाना. मी लिहिलेला तो सगळ्यात चांगला अंक, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

स्पर्धेचा प्रयोग लातूरला होता, सकाळी अकराचा. मुख्य काम वर्षाचं. वर्षाला सव्वा वर्षाची पोरगी, सासूचा पाय प्लास्टरमध्ये, नवरा मुदखेडला रेल्वेत, त्याला त्या दिवशी सुट्टी मिळेना. म्हणजे अक्का वर्षाच्या घरी बसणार हे ठरलेलंच. आदल्या संध्याकाळी मी सामानाची यादी करत होतो तेव्हा बायकोनं विचारलं, "या नाटकात अक्काचं बाळंतपण आहे आणि अक्काच बघणार नाही?" मी म्हणालो, दुसरं कोण बसणार? तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. संगीत तिच्याकडे होतं, तिला जाणं भाग. प्रकाशयोजना सांभाळायला आमचा एक मित्र होता. प्रयोगाच्या वेळी दिग्दर्शकाला विंगेत नखं खाण्यापलीकडे काही काम नसतं, हे मलाही कळत होतं. तरी मी तासभर भांडलो. स्पर्धा आहे, माझं नाटक आहे, मी हे म्हणालो, मी ते म्हणालो. ती एकच वाक्य बोलली, "अक्का आता सत्तरीला आली."

अक्का काही सरळ तयार झाल्या नाहीत. "पाव्हण्याच्या हातात लेकरू द्यायचं? इज्जत जाईल त्यांची," म्हणाल्या. पण सकाळी सहाच्या गाडीत बायकोनं त्यांना बसवलंच. ठेवणीतली मोरपंखी साडी नेसल्या होत्या. खिडकीतून मला सूचना चालल्या होत्या. गाडी वळली तरी बोटं हलत होती.

तो दिवस मी विसरणार नाही. वर्षाची सासू खाटेवरून मला चालवत होती. "मास्तर, दूध उतू चाललंय." "मास्तर, उजव्या खांद्यावर न्हाई, डाव्या. उजव्यावर तिला झोप येत न्हाई." "मास्तर, तिला खिडकी दावा, कावळा दावा." मी कावळा दाखवला. कावळा गेल्यावर कावळ्याचं काम केलं. अकरा वाजता तिकडे पडदा उघडला असेल तेव्हा मी मऊ भात कालवत होतो, आणि दुसरा अंक सुरू असेल तेव्हा फरशी पुसत होतो. मधेच माझ्या लक्षात आलं, की आता माझ्या नाटकात काय चाललंय हे मला ठाऊक नाही, आणि इतकी तळमळ लागली की फोन करावासा वाटला. पण हातात पोरगी होती.

संध्याकाळी मंडळी आली. वर्षानं आधी लेकीला उचललं. बायको हसत होती, डोळे लाल होते. दुसऱ्या अंकात काय झालं ते तिनं दारातच सांगितलं. स्टेजवरच्या नर्सनं कापडी बाळ उचललं, आणि तिसऱ्या रांगेतून अक्का ओरडल्या, "मानेखाली हात घाल गं! मान धर!" सगळं सभागृह हसलं. नर्सचं काम करणारी पोरगी क्षणभर गांगरली, मग तिनं खरंच मानेखाली हात घातला, आणि हसणारं सभागृह चिडीचूप झालं. पुढं तो मोकळा रकाना आला तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. मी अक्कांना विचारलं, "आणि तिसरा अंक? शेवट कसा वाटला?"

अक्का पाय धुवायला मोरीत गेल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्यो न्हाई बघितला."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. तिलाही हे आत्ताच कळत होतं. तिला वाटलं होतं, अक्का दमून बाहेर जाऊन बसल्या असतील. झालं होतं असं, की दुसरा अंक संपता संपता मागच्या रांगेत एक तान्हं रडायला लागलं. एक तरुण मुलगी, एकटीच आलेली, त्याला थोपटत होती. आजूबाजूचे लोक तिला बाहेर जा म्हणायला लागले. ती उठली. अक्काही उठल्या. दारात तिला गाठून म्हणाल्या, तू बस, मी हाय. आणि शेवटपर्यंत बाहेरच्या पायऱ्यांवर ते परकं मूल घेऊन बसून राहिल्या.

मला राग आला. दिवसभर कशासाठी कावळा झालो होतो मी! म्हणालो, "अक्का, एवढं सगळं तुम्ही बघावं म्हणून केलं. एक नाटक, एकच, शेवटपर्यंत बघायचं होतं तुम्ही."

त्या पदराला पाय पुसत बाहेर आल्या. "मला काय, पाव्हणं, मी लई नाटकं ऐकलीत. त्या पोरीचं पयलंच व्हतं."

बाईच्या जगण्यावर तेरा नाटकं लिहिली, हे चौदावं. आणि ते बघायला जी बाई येईल तिचं मूल कोण धरील, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. लाज वाटली, सरळ सांगतो. अक्कांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पाट ओढला आणि म्हणाल्या, "सांगा आता शेवट."

मी सांगितला. नुसता सांगितला नाही, वर्षाच्या स्वयंपाकघरात उभा राहून करून दाखवला, सगळ्यांचे आवाज काढून. सहा वर्षांनी तो अधिकारी पुन्हा आश्रमशाळेच्या तपासणीला येतो. ती तिथंच शिक्षिका झालेली असते. मुलगा पहिलीत. हजेरीपुस्तकात मुलाच्या नावापुढे फक्त आईचं नाव. तो बघतो, त्याला सगळं आठवतं. तो म्हणतो, चल माझ्याबरोबर. ती त्याच्याकडे बघते, मुलाकडे बघते. हळूहळू काळोख. पडदा.

अक्का वाट बघत होत्या. मग म्हणाल्या, "काळोख झाला ते कळलं. पण ती गेली का न्हाई?"

"ते मी प्रेक्षकांवर सोडलंय."

"म्हंजी तुमाला ठावं न्हाई."

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो.

"मंग तिला इचारायचं की," अक्का म्हणाल्या, आणि उठून वर्षाच्या सासूचं बीपी बघायला गेल्या.

त्या नाटकाचे पुढे आणखी प्रयोग झाले. आता आम्ही सभागृहाबाहेर एक सतरंजी टाकतो आणि लेकरं घेऊन या असं आधीच सांगतो. सतरंजीवर मी बसायचं ठरलं होतं, पण मी पोचायच्या आधी अक्का तिथं मांडी घालून बसलेल्या असतात, आणि त्यांना उठवण्याची माझी छाती नाही. आत माझं नाटक चाललेलं असतं, दाराच्या फटीतून थोडे संवाद येतात, आणि त्या ते कान देऊन ऐकतात. अक्कांना एक नाटक अखेरपर्यंत दाखवायचं राहूनच गेलं. त्याची रुखरुख मला आहे, त्यांना नाही. नाटकाचं शेवटचं पान अजून माझ्या टेबलावर पडून आहे. विचारतो आहे तिला.